आमेन कोणी म्हणावे?
(पाठ: करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १४, वचने १३ ते ४०)

उपदेश कसा करावा हे आपल्या उपदेशकांस पुष्कळ शिकविले जाते. वचनाची फोड कशी करावी, दाखला कोठे द्यावा, किती वेळ बोलावे, याकरिता सेमिनरीत कित्येक वर्षे मेहनत घेतली जाते. परंतु उपदेशाच्या अगोदरचा व नंतरचा जो वेळ, ज्यात मंडळी गाते, पाप कबूल करते, शास्त्र ऐकते, दुसऱ्यांकरिता मागते व आशीर्वाद घेऊन उठते, तो कसा चालवावा हे ज्याने त्याने पाहून पाहून शिकावे अशी रीत पडली आहे. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी तो वेळ उपदेशाआधीच्या झाडलोटीचा समजला जातो, नाही तर ज्याचा गळा चांगला त्याच्या स्वाधीन होतो. या पाठात आम्ही त्याच वेळाविषयी लिहिणार आहोत; आणि केवळ मंदिरातील उपासनेविषयी नव्हे, तर घरोघरी भरणाऱ्या लहान सभांविषयीही, कारण आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले आता शहरात अशाच सभांतून उपासना करितात.

करिंथ येथील मंडळीची अडचण आपल्या अडचणीच्या अगदी उलट होती. तेथे भाग घेणारे फार होते. कोणी स्तोत्र घेऊन येई, कोणी शिक्षण, कोणी अन्य भाषा, कोणी तिचा अर्थ. आणि सगळे एकदम बोलू पाहत. पौलाने त्या सर्वांची तोंडे बंद केली नाहीत. पाळीपाळीने बोला असे त्याने सांगितले आणि सोबत एक माप दिले. ते माप सोळाव्या वचनात आहे. त्याचा आशय असा की, तू आत्म्याने कितीही चांगली उपकारस्तुती केलीस, तरी जो अशिक्षिताच्या जागी बसला आहे त्याला ती कळली नाही, तर तो आमेन कसे म्हणेल?

वाचकांनी या प्रश्नापाशी जरा थांबावे. पौल येथे गाणाऱ्याचा सूर पाहत नाही, प्रार्थना करणाऱ्याची भाषा पाहत नाही. तो सर्वांत मागे, दाराजवळ बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहतो. आमेन म्हणणे म्हणजे दुसऱ्याने उच्चारलेल्या प्रार्थनेखाली आपली सही करणे, आणि सही येत नसेल तर अंगठा उठविणे. ज्याला अंगठाही उठविता आला नाही त्याची ती प्रार्थना झालीच नाही. तो नुसता हजर होता. उपासना चालविणाऱ्याने पुढे उभे राहून जे काही करावयाचे ते या एका माणसाला मनापासून आमेन म्हणता यावे म्हणून करावयाचे आहे.

हा प्रश्न मंडळीच्या इतिहासात पुनःपुन्हा उठला आहे. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा रोमी सुभेदार प्लिनी याने बादशहा त्रायान यास ख्रिस्ती लोकांविषयी पत्र लिहिले. त्यात, हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात व ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तवन आळीपाळीने गातात, असे तो कळवितो. तो परका होता व त्यांच्या चौकशीला बसला होता. त्याच्याही कानी आले ते हेच, की एकाने म्हणावे व दुसऱ्यांनी उत्तर द्यावे. पुढे चौथ्या शतकात लावदिकीया येथील धर्मसभेने, नेमलेल्या गायकांवाचून मंदिरात कोणी गाऊ नये, असा नियम केला. बेशिस्त थांबावी एवढाच त्यात हेतू असेल. परंतु पश्चिमेकडील मंडळ्यांत अनेक शतके उपासनेची भाषा लॅटिन राहिली, गाणे बहुतांशी पुरोहितांचे व गायकांचे झाले, आणि लोक ऐकणारे झाले. लूथराच्या काळी, १५२४ साली, जर्मन गीतांची पुस्तके छापून निघाली, तेव्हा चांभार, सुतार व मोलकरणी यांच्या तोंडी उपासना परत आली. आपण प्रॉटेस्टंट लोक गाणारी मंडळी म्हणून अभिमान बाळगतो, आणि तो खरा आहे. पण लावदिकीयाचा नियम पास न करताही अमलात आणिता येतो. ध्वनिक्षेपकाचा आवाज पुरेसा चढविला म्हणजे झाले.

आपल्या मराठी मुलखात १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईस पोहोचले, आणि पुढे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, व त्याच्या भोवतालच्या खेड्यांतून मंडळ्या उभ्या राहिल्या. मिशनऱ्यांनी आपल्या देशातील गीते भाषांतर करून चालींसह दिली. त्या गीतांची थट्टा करण्याची अलीकडे एक हौस दिसते. आम्ही तीत सामील होणार नाही. ती गीते आमच्या आज्यापणज्यांनी जात्यापाशी व आजाऱ्याच्या उशाशी म्हटली आहेत, आणि ती आता कोणाकडून उसनी आणिलेली राहिली नाहीत. तथापि त्यांत एक अडचण होती हे कबूल केले पाहिजे. चार-चार ओळींची कडवी, प्रत्येक कडव्यात नवे शब्द, चाल अनोळखी: ज्याच्या हाती पुस्तक नाही अथवा असून वाचता येत नाही, त्याने तोंड उघडावे तरी कोठे?

ही अडचण आपल्याच लोकांनी ओळखली. अहमदनगरकडे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाची देशी रीत ख्रिस्तकथेकरिता चालविली. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१९ साली देह ठेवीपर्यंत अभंग, पदे व भजने यांची जी जोड मंडळीस करून दिली, तीवर आपले ‘उपासना संगीत’ आजही उभे आहे. टिळकांच्या कवित्वाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांस येथे कवित्वापेक्षा भजनाच्या घडणीकडे लक्ष वेधावयाचे आहे. भजनात पुढचा एक चरण म्हणतो व मागचे तो उचलितात. प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद परत येते. जो पहिल्या खेपेस नुसता ऐकतो, तो दुसऱ्या खेपेस गुणगुणतो व तिसऱ्या खेपेस मोकळ्या गळ्याने म्हणू लागतो. टाळ धरलेले पोर आणि निरक्षर म्हातारी यांस पुस्तकावाचून आपला वाटा मिळतो. करिंथच्या मंडळीत अशिक्षिताच्या जागी बसलेल्याकरिता याहून सोयीची रीत आम्हांस तरी सुचत नाही.

यावरून कोणी असे समजू नये की देशी चालीत गाइले म्हणजे उपासना आपोआप मंडळीची होते. भजनातही पुढचा गायक आलापात व ताना घेण्यात रमला, की मागचे टाळ वाजविणारे नोकर होतात. उलट, जुने भाषांतरित गीत देखील चालविणाऱ्याने पहिले कडवे सावकाश वाचून दाखविले, पेटीवर सूर नीट दिला व मंडळीबरोबर गाइले, तर सर्वांचे होते. सुराची गोष्ट क्षुल्लक दिसते, पण तिच्यामुळेच अर्धी मंडळी गप्प बसते. जवान गायकाला जी पट्टी सोयीची असते तीत बायकांचा आवाज कोंडतो किंवा म्हाताऱ्यांचा फाटतो. गीत निवडताना त्यातील सर्वांत उंच जागा आधी गाऊन पाहावी, आणि ती सभेतील सर्वांत थकलेल्या आवाजास गाठता येईल अशी पट्टी धरावी. गायकाला ती थोडी खालची वाटेल. वाटू द्यावी.

१९७० साली नागपूर येथे उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा छापील क्रमाने उपासना करणारे व उत्स्फूर्त प्रार्थना करणारे एका छपराखाली आले. पन्नासहून अधिक वर्षे लोटली तरी एकाला दुसऱ्याची रीत पुरती रुचत नाही. पुस्तकातून वाचलेली प्रार्थना मेलेली, असे एक म्हणतो. मनात येईल ते बोलणे म्हणजे अव्यवस्था, असे दुसरा म्हणतो. पौलाचे माप लावून पाहिले तर दोहोंतही गुण व दोहोंतही धोका आहे. छापील पापांगीकार सर्वांस पाठ असतो, म्हणून त्यात म्हातारी व पोर दोघेही बोलतात. हा मोठाच लाभ आहे. पण तो धावत म्हटला की कोणाचेच पाप कबूल होत नाही. उत्स्फूर्त प्रार्थना आज सकाळी गावात जे घडले ते देवापुढे नेऊ शकते. पण पुढारी तीत उपदेश करू लागला, देवाला बातम्या सांगू लागला, किंवा वीस मिनिटे उभा राहिला, तर बसलेल्यांचे आमेन दमून गेलेले असते. जो मंडळीतर्फे प्रार्थना करितो त्याने ‘मी’ हा शब्द शक्य तितका टाकून ‘आम्ही’ म्हणावे, व मध्ये मध्ये थांबावे.

आता घरसभेकडे येऊ. नगर, जालना, सोलापूर या जिल्ह्यांतील खेड्यांमधून कामधंद्याकरिता पुण्यास गेलेली अनेक ख्रिस्ती कुटुंबे कर्वेनगरसारख्या भागांत भाड्याच्या खोल्यांत राहतात. जुनी मंदिरे तेथून दूर, पेठांत व कॅम्पात आहेत. रविवारी पाळीचे काम नसेल तर तेथे जाणे होते, नाही तर राहते. म्हणून आठवड्यातून एका संध्याकाळी कोणाच्या तरी घरी सतरंजी पसरून दहाबारा माणसे जमतात. यात नवे काही नाही. मरियेच्या घरी रात्री प्रार्थना चालली होती तेथेच पेत्र तुरुंगातून सुटून आला. लुदियेचे घर फिलिप्पै येथील बंधुजनांचे ठिकाण झाले. फिलेमोनाच्या घरी मंडळी भरत असे. मंदिरे नंतर बांधली गेली.

कर्वेनगर हे नाव घेताना एक गोष्ट आपण आठवावी असे आम्हांस वाटते. हे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली स्थापिलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली येथे एका झोपडीत आणिला, आणि पुढे त्यांच्याच नावाने ही वस्ती ओळखली जाऊ लागली. कर्व्यांनी १८९३ साली ज्या विधवेशी विवाह केला, त्या गोदूबाई, पुढे आनंदीबाई, या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी होत्या. हे सदन १८८९ साली मुंबईस उघडले, १८९० साली पुण्यास आले, आणि ज्या १८९३ साली गोदूबाईंचा विवाह झाला त्याच साली एका घरगुती प्रार्थनेवरून ते मोडावयाच्या बेतास आले.

प्रकार असा घडला. सदनात ख्रिस्ती धर्माची सक्ती होणार नाही असा शब्द रमाबाईंनी दिला होता, आणि मुलींना आपापले आचार पाळण्यास मोकळीक होती. मात्र रमाबाई आपल्या खोलीत आपली कन्या मनोरमा हिला घेऊन प्रार्थना करीत, तेव्हा दार लावून घेत नसत. हळूहळू काही मुली तेथे येऊन बसू लागल्या. त्यांना कोणी बोलाविले नव्हते व कोणी घालविलेही नाही. शहरात गवगवा झाला. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांसारख्या सल्लागारांनी आपले अंग काढून घेतले. पालकांनी अनेक मुली घरी नेल्या. त्या सल्लागारांची अडचण आम्ही हलकी मानीत नाही. त्यांनीही लोकांस शब्द दिला होता व त्यांच्या नावावर विश्वास ठेवून बापांनी मुली पाठविल्या होत्या. परंतु रमाबाईंनी दार लावले नाही. विधवांना जशी आपल्या देवपूजेची मोकळीक, तशीच आपल्याला आपल्या घरात आपल्या देवाची प्रार्थना करण्याची मोकळीक आहे, अशी त्यांची भूमिका होती.

आज बिऱ्हाडात सभा चालविणाऱ्यापुढे तोच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. भिंती पातळ आहेत, शेजारी ऐकतो, कधी शेजारीण दाराशी उभी राहते. काही घरांत भीतीने दार लावितात व खिडक्याही लावितात. काही ठिकाणी याच्या उलट होते: शेजाऱ्यांनी ऐकावे म्हणून आवाज वाढवितात, आणि चुकून कोणी आत आलाच तर सारी प्रार्थना त्याच्यावर रोखून करितात, की बिचारा कोठे पाहावे ते न कळून चुळबुळ करू लागतो. दोन्ही रीती आम्हांस बऱ्या वाटत नाहीत. पहिलीने उपासना संशयाची वस्तू होते, दुसरीने ती शिकारीचे जाळे होते. दार उघडे असावे, आणि ते आत येणाऱ्याकरिता जितके उघडे तितकेच बाहेर जाणाऱ्याकरिता. आलेल्यास सतरंजीवर जागा द्यावी, आता आम्ही काय म्हणणार आहोत ते दोन वाक्यांत सांगावे, व त्याला त्याच्या इच्छेप्रमाणे बसू द्यावे. त्याला काही म्हणावयास लावू नये, हात वर करावयास सांगू नये. याच अध्यायात पौलाने बाहेरून आलेल्याचाही विचार केला आहे, आणि त्याला जे दिसावे असे त्यास वाटते ते एवढेच, की येथे देव खरोखर आहे.

लहान सभेत आणखी एक जपणूक लागते. मंदिरात दोनशे माणसांत जे बोलले जाते ते विरून जाते. दहा माणसांत बोललेले दुसऱ्या दिवशी जिन्यावर भेटते. अमक्याच्या मुलीचा संसार, तमक्याचे कर्ज, कोणाचा दारूचा नाद, हे प्रार्थनेचे विषय म्हणून सांगितले जातात व चहाबरोबर चघळले जातात. चालविणाऱ्याने अगोदर विचारावे: हे तुम्ही सर्वांपुढे नेऊ इच्छिता काय? नसेल तर देवाला नाव ठाऊक आहे. नावावाचून मागता येते.

चहाचा विषय निघालाच आहे तर तोही लिहितो, कारण घरसभा मोडतात त्या पुष्कळदा तेथेच. पहिल्या घरी चहा होतो, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी जेवण. मग ज्याच्या घरी एकच खोली व एकच मिळवता, तो आपली पाळी चुकवू लागतो, आणि थोड्या महिन्यांत सभा तीन मोठ्या घरांतच फिरत राहते. गरीबाच्या घरी न जाणारी सभा त्याला न बोलता सांगत असते की तू पाहुणा आहेस. फक्त चहा, असा नियम पहिल्याच दिवशी करावा व श्रीमंताच्या घरी तो अधिक कडक पाळावा. वेळेचेही तसेच. आठला उठावयाचे ठरले असेल तर आठला उठावे. सकाळची पाळी असलेला, स्वयंपाक राहिलेली बाई व अभ्यास असलेले मूल यांची ताटातूट करणारा भक्तीचा उत्साह आम्हांस समजत नाही.

शहरात वाढलेल्या मुलांना मराठी बोलता येते, पण शास्त्र वाचताना ती अडखळतात. म्हणून त्यांस वाचावयास देतच नाहीत. त्याऐवजी दोन दिवस आधी उतारा नेमून द्यावा व घरी मोठ्याने वाचून यावयास सांगावे. अडखळत वाचले तरी चालेल. जोडाक्षरे मोडली तरी परमेश्वराचे वचन मोडत नाही. त्यांना आवडणारी हिंदी गीतेही टाकून देऊ नयेत. मात्र एकाच ओळीचे अकरा वेळा आवर्तन चालले असता गावाहून आलेली आजी भिंतीला टेकून नुसती बसून आहे, हे दृश्य आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. तिला शंभर गीते पाठ आहेत. तिला कोणी विचारले नाही. चालविणाऱ्याने दर सभेत एक गीत तिच्याकडून मागून घ्यावे, आणि तिने सुरुवात करावी. पेटी नंतर तिचा सूर शोधील.

शेवटी, दुःखाचा दिवस. ज्या घरात मागल्या आठवड्यात मूल गेले, त्या घरी सभा आहे. काही तरुण पुढारी अशा वेळी नेमकी आनंदाचीच गीते घेतात व टाळ्या वाजवा म्हणतात. विश्वास दाखवावयाचा तो असाच, अशी त्यांची समजूत असते. स्तोत्रसंहितेचा मोठा भाग रडण्याचा आहे, हे त्यांस कोणी शिकविलेले नसते. त्या संध्याकाळी आईला हालेलुया म्हणता येणार नाही, पण बावीसावे किंवा अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र सावकाश वाचले तर तिला आमेन म्हणता येईल. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो. चालविणाऱ्याने घाईने दिवा लावू नये. वाचून झाल्यावर गप्प बसावे. ती गप्पही उपासनाच आहे, आणि बहुधा तीत सर्वजण सहभागी असतात.

नाताळास ही मुले गावी येतील, आणि दरवर्षीप्रमाणे मंदिरात कोणती गीते गावी याचा तंटा निघेल. पंचांस आमची सूचना अशी: मुलांनी आणलेले एक नवे गीत आधीच्या तीन रविवारी मंडळीस शिकवावयास त्यांस सांगावे, म्हणजे मोबाइलवरून पाठवून तेथील शाळकरी पोरांकडून ते बसवून घेतील, आणि मुलांनी पुण्यात असतानाच घरसभेत टिळकांचे एक भजन, पुस्तक न घेता, पाठ करून यावे. त्या दिवशी पट्टी कोणती धरावयाची ते गावातील सर्वांत वृद्ध बाईला आदल्या संध्याकाळी मंदिरात बसवून ठरवावे.